चिरा पडण्याआधीचं इंजेक्शन

श्रोतेहो, नमस्कार.

घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं की आपण पैशांची जुळवाजुळव करतो, रात्री सोबत कोण थांबणार ते ठरवतो. टाके पिकू नयेत म्हणून काय करणार, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. घरी जाताना पाच-सात दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या हातात पडल्या की आपण निर्धास्त होतो. तिथेच आपलं चुकतं.

जंतू जखमेत शिरतात ते चिरा पडल्यापासून टाके घालेपर्यंत, आणि बरेचसे रुग्णाच्याच कातडीवरचे असतात. तेव्हा अँटिबायोटिक तिथे आधीच पोचलेलं हवं. अमेरिकेत १९९२ साली २,८४७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चिऱ्याआधीच्या दोन तासांत ज्यांना औषध मिळालं, त्यांच्यात हजारी सहा जणांच्या जखमा चिघळल्या. चिऱ्यानंतर तीन तास उलटून गेल्यावर ज्यांना मिळालं, त्यांच्यात हजारी तेहतीस! फरक पडला तो वेळेमुळे.

म्हणून भूलतज्ज्ञ बहुधा चिऱ्याआधीच्या तासाभरात सेफाझोलिनसारखं अँटिबायोटिक शिरेतून देतात. ऑपरेशन चार तासांपुढे लांबलं तर पुन्हा एक डोस. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनची तपासयादी आणली. चिरा देण्याआधी सगळ्यांनी थांबायचं आणि एकाने मोठ्याने विचारायचं, ‘अँटिबायोटिक दिलं का?’ ही यादी घडवणाऱ्यांचे म्होरके डॉ. अतुल गावंडे, त्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे.

याच संघटनेने २०१६ साली स्पष्ट सांगितलं, की ऑपरेशन संपल्यावर केवळ खबरदारी म्हणून अँटिबायोटिक चालू ठेवू नये. त्याने टाके अधिक सुरक्षित होत नाहीत. जुलाब मात्र लागू शकतात आणि औषधाला न जुमानणारे जंतू शरीरात वाढतात. अपेंडिक्स फुटलेलं असेल किंवा आधीच पू झालेला असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे ते औषध उपचार म्हणून असतं, डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायलाच हवं. म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका. ‘या कशासाठी आहेत?’ असं सरळ विचारा.

आणखी एक. आदल्या दिवशी घरी वस्तरा फिरवू नका. त्याच्या बारीक ओरखड्यांत जंतू वाढतात. केस काढायचेच असतील तर दवाखान्यात क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने, काढतील. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा.

महिनाभर टाक्यांवर लक्ष ठेवा. लाली पसरली, पू आला, ताप भरला तर मेडिकलमधून गोळी आणू नका. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाच जखम दाखवा.

नमस्कार.