आधी पाकिटांचा हिशोब, मग स्कॅन

नमस्कार मंडळी. आज फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी करायच्या स्कॅनबद्दल बोलायचंय, पण बोलायला लागायच्या आधी तुम्हाला एक काम देते. कागद-पेन असेल तर घ्या, मोबाइलवर केलंत तरी चालेल. ज्यांनी आयुष्यात कधी सिगारेट ओढलीय, मग आता सोडलेली का असेना, त्यांनी दोन आकडे लिहायचे: दिवसाला किती पाकिटं, आणि अशी किती वर्षं. पाकीट म्हणजे २० सिगारेटी, तुमचं दहाचं असेल तर ते अर्धं धरा. आता दोन्हींचा गुणाकार करा. रोज एक पाकीट २० वर्षं, झाले २०. रोज अर्धं पाकीट पण ४० वर्षं, तरीही २०च. याला पॅक-इयर म्हणतात. आकडा शेजाऱ्याला दाखवायची गरज नाही, घरी सांगायचीही नाही, फक्त खरा लिहा.

खरा लिहा असं मुद्दाम का म्हणते ते सांगते. मी रेडिऑलॉजिस्ट आहे, दिवसभर छातीचे सीटी स्कॅन बघायचे हेच माझं काम. फॉर्मवर 'धूम्रपान' असा रकाना असतो आणि त्यात लोक लिहितात 'कधी कधी'. आता 'कधी कधी'ला वर्षांनी कसं गुणायचं? पण मला त्या लोकांचा राग येत नाही. कारण आयुष्यभर त्यांनी ज्याला ज्याला खरा आकडा सांगितला त्याने त्यांना झापलेलंच असतं. डॉक्टरने झापलं, मुलांनी झापलं. आणि आजार निघालाच तर 'स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं' हे ऐकायचं ते वेगळंच. सोळा-सतराव्या वर्षी लागलेलं निकोटिनचं व्यसन आहे ते, त्यासाठी पन्नाशीत माणसाला आरोपीसारखं उभं करायचं आणि मग तो तपासणीला येत नाही म्हणून तक्रार करायची, हे मला अजिबात पटत नाही. माणूस लपवतो आणि मग जिला या तपासणीची सगळ्यात जास्त गरज असते तीच व्यक्ती यादीबाहेर राहते.

आता यादी कुठली ते सांगते. अमेरिकेतल्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या तज्ज्ञांच्या समितीने २०२१ साली असं ठरवलं की वय ५० ते ८०, किमान २० पॅक-इयर, आणि अजून ओढतोय किंवा सोडून १५ वर्षांच्या आत झालीत, अशा माणसाने दरवर्षी लो-डोस सीटी, म्हणजे कमी रेडिएशनचा सीटी स्कॅन, करावा. याआधी, २०१३ साली, हीच अट ५५ वर्षं आणि ३० पॅक-इयर होती. ती खाली आणली, कारण कमी ओढूनही कॅन्सर होणारे बरेच लोक, त्यात बायका आणि कृष्णवर्णीय जास्त, अटीत बसतच नव्हते. प्रत्येक देशाचे निकष थोडे वेगळे असतात, तैवान तर जवळच्या नात्यात कोणाला हा कॅन्सर झालेला असेल तर सिगारेट न ओढणाऱ्यांनाही बोलावतं. पण वय आणि पाकिटांचा हिशोब हा पाया जवळजवळ सगळीकडे आहे.

मग प्रश्न येतो, मला काही त्रासच नाही तर कशाला जाऊ? अहो, त्रास नाही तेव्हाच जायचं. फुप्फुसाच्या आतल्या भागाला दुखण्याच्या नसाच नाहीत. त्याच्या बाहेरच्या आवरणाला आहेत, छातीच्या भिंतीला आहेत, त्यामुळे गाठ तिथपर्यंत पोचेपर्यंत माणूस जिने चढत असतो, जेवत असतो, झोपत असतो, काही म्हणजे काही कळत नाही. आणि कळतं तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो. गाठ फुप्फुसापुरतीच असताना सापडली तर पाच वर्षांनी शंभरातले साठच्या वर लोक हयात असतात, लांब पसरल्यावर सापडली तर दहासुद्धा नाहीत. हे अमेरिकेतले आकडे आहेत, पण फरक केवढा आहे ते बघा.

साधा एक्स-रे का नको, हेही लोक विचारतात. करून बघितलंय ना, अगदी दीड लाखांवर लोकांच्या अभ्यासात. दरवर्षी एक्स-रे काढूनसुद्धा फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. एक्स-रेमध्ये बरगड्या, हृदय, छाती-पोटामधला पडदा सगळं एकावर एक पडतं, छोटी गाठ त्यामागे लपते. सीटी पातळ पातळ चकत्या काढून दाखवतो. २०११ साली अमेरिकेतला मोठा अभ्यास आला, ५३,४५४ लोक, अर्ध्यांना तीन वर्षं दरवर्षी लो-डोस सीटी आणि अर्ध्यांना एक्स-रे. सीटीवाल्यांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी. मग २०२० मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियमचा अभ्यास आला, त्यात पुरुषांमध्ये दहा वर्षांत २४ टक्के कमी.

तपासणी म्हणाल तर काहीच नाही हो. सुई नाही, उपाशी राहणं नाही. टेबलावर उताणं झोपायचं, हात डोक्याच्या वर, मशीन सांगतं श्वास घ्या, धरून ठेवा, टेबल त्या रिंगमधून सरकतं आणि काही सेकंदात सोडा म्हणतं. रेडिएशन साधारण दीड मिलिसिव्हर्ट, नेहमीच्या छातीच्या सीटीच्या मानाने बरंच कमी.

अवघड भाग पुढे आहे, रिपोर्टमध्ये 'नोड्यूल', म्हणजे छोटी गाठ, हा शब्द येतो तो. त्या अमेरिकन अभ्यासात सरासरी दर चार स्कॅनमधल्या एकात काहीतरी दिसलं, आणि त्यातल्या ९६ टक्के वेळा तो कॅन्सर नव्हता. जुन्या टीबीचा वण, कधीतरी होऊन गेलेलं इन्फेक्शन, असलंच काहीतरी. तेव्हा ४ मिलिमीटरपासून 'पॉझिटिव्ह' धरत होते, आता भरीव गाठ पहिल्या स्कॅनला ६च्या खाली असेल तर सहसा सांगतात, वर्षाने या. हे 'वर्षाने या' लोकांना सहनच होत नाही. काही जण हट्टाने बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी, करून घ्यायला निघतात, फुप्फुसात सुई घातली की हवा गळून ते आक्रसू शकतं, म्हणजे नसलेल्या आजारासाठी असलेलं दुखणं. आणि काही जण घाबरून परत येतच नाहीत, ते तर त्याहून वाईट.

आम्ही नक्की काय बघत असतो ते सांगते म्हणजे त्या थांबण्यामागचं कारण कळेल. स्क्रीनवर दोन स्कॅन शेजारी शेजारी उघडते, मागचा आणि आजचा, आणि माउसचं चाक फिरवत वरून खाली येते. मागच्या वेळी ठिपका ६ मिलिमीटर होता, म्हणजे पेन्सिलीच्या जाडीपेक्षा कमी. आज साडेसात आहे. दीडच मिलिमीटर वाढला असं वाटेल, पण गोळा सगळ्या बाजूंनी वाढतो, त्यामुळे त्याचं आकारमान जवळजवळ दुप्पट झालेलं असतं. त्यावर आम्ही खडबडून जागे होतो. आणि दुसरा एखादा १० मिलिमीटरचा ठिपका, जो दोन वर्षं तसूभर हललेला नाही, त्याला आम्ही हात लावायला जात नाही. एका स्कॅनने हे कळत नाही, म्हणून पहिल्या रिपोर्टवर 'नॉर्मल' आलं की झालं, असं नाही.

ते 'नॉर्मल' बघून अजून एक पाकीट उघडणारेही असतात. स्कॅन कॅन्सर लवकर पकडतो, होऊ द्यायचं थांबवत नाही, ते काम सिगारेट सोडण्याचंच. स्कॅनला आलात तिथेच सोडण्यासाठी काय मदत मिळेल ते विचारा, निकोटिनचे पॅच, च्युइंगगम, गोळ्या, समुपदेशन, सगळं आहे. नुसत्या जिद्दीवर बहुतेकांना जमत नाही आणि त्यात कमीपणा काही नाही.

एक मात्र कृपा करून लक्षात ठेवा. खोकल्यातून रक्त येतंय, आवाज बसलाय तो सुटत नाही, वजन उतरतंय, तर स्क्रीनिंगची, म्हणजे त्रास नसताना करायच्या या स्कॅनची, तारीख बघत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा, ती वेगळी तपासणी आहे आणि ती लगेच व्हायला हवी. तसंच ज्यांची तब्येत ऑपरेशन किंवा उपचार झेपण्यासारखी नाही त्यांना उगाच या स्कॅनमध्ये ओढू नये, त्यांना फक्त काळजी लागेल.

मागून एका काकांनी चिठ्ठी पाठवलीय: '३५ पॅक-इयर, सोडून १८ वर्षं झाली, मी बसतो का?' काका, आधी मनापासून अभिनंदन. टास्क फोर्सच्या नियमात तुम्ही बसत नाही, पण अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २०२३ मध्ये ती १५ वर्षांची अट काढून टाकली, कारण धोका कमी होतो पण न ओढणाऱ्याइतका होत नाही. तुमच्या डॉक्टरांना हाच आकडा सांगून विचारा. आणि जाताना छातीचा जुना सीटी कधी काढलेला असेल, अपघातानंतर, न्यूमोनिया झाला तेव्हा, तर त्याच्या फिल्म किंवा सीडी कपाटातून शोधून सोबत न्या. आज दिसलेला ठिपका पाच वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तेवढाच असेल ना, तर तुमची कित्येक रात्रींची झोप वाचेल.