शेंदराखालचा भागवत

मंडळी, नमस्कार.

देवाची पूजा किती जुनी, असं मुलांनी विचारलं की आपण 'वेदकाळापासूनची' म्हणून मोकळे होतो. पण वेदातला मुख्य विधी यज्ञाचा. एका देवाचं होऊन राहायचं आणि त्याच्या नावानं स्वतःची ओळख सांगायची, ही भक्ती दगडावर कोरलेली दिसते ती इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकात.

विदिशेजवळ बेसनगरला एक दगडी खांब आहे. तिथले लोक त्याला खांबबाबा म्हणतात. १८७७ मध्ये पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमनं तो पाहिला, पण शेंदराची पुटं इतकी जाड की खालची अक्षरं त्याला दिसलीच नाहीत. लेख उजेडात आला तो १९०९ च्या सुमारास. मधल्या काळात लेख कुणी वाचत नव्हतं, तरी खांबाला शेंदूर लागत होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

लेखातली भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. 'देवदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज' उभारणारा हेलिओडोरस हा तक्षशिलेचा ग्रीक, अंतलिकित या ग्रीक राजाचा दूत म्हणून इथल्या भागभद्र राजाच्या दरबारी आलेला. काळ सुमारे इ.स.पू. ११३. आता शब्दांचा क्रम बघा. स्वतःच्या नावापाठोपाठ तो 'भागवत', म्हणजे वासुदेवाचा भक्त, असं लिहितो. बापाचं नाव, गाव, हुद्दा, सगळं त्यानंतर. परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा क्रम जरा जास्तच भिडतो. पुढे स्वर्गाला नेणारी तीन पदं दिली आहेत: दम (म्हणजे संयम), त्याग, अप्रमाद (म्हणजे सावधपणा).

दुसरा लेख आपल्या घरचा. जुन्नरहून कोकणात उतरताना नाणेघाटाच्या माथ्यावर लेणं लागतं. तिथला सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख नमनानं सुरू होतो: धर्म, इंद्र, मग संकर्षण-वासुदेव (म्हणजे बलराम-कृष्ण), चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल. पुढे अश्वमेधासारखे यज्ञ आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती, कार्षापणं (त्या काळची नाणी) यांची भलीमोठी यादी. म्हणजे यज्ञ जोरात चालू होते आणि त्याच भिंतीवर इंद्राच्या शेजारी बलराम-कृष्ण येऊन बसले होते. एकाला उठवून दुसऱ्याला बसवलं, असं झालेलं नाही.

सुट्टीत जुन्नरकडे जाणं झालं तर मुलांना नाणेघाटात जरूर न्या. बाजूच्या भिंतींवर लेख आहे. जायच्या आधी ब्राह्मीतला 'न' आणि 'म' तेवढा शिकवून ठेवा. 'नमो' त्यांचं त्यांना शोधता येईल.