बा, अप्पा, दादा : मराठवाड्यात बापाला मारलेल्या हाका

मंडळी, आधी ‘बाप’ या शब्दावरचा राग काढून टाकू. शहरात शिकलेल्या माणसाला तो अडाणी वाटतो, ‘वडील’ म्हटलं की बरं वाटतं. पण प्राकृतातल्या ‘बप्प’पासून आलेला हा शब्द आपल्याकडे फार मानाचा. आपेगाव ज्यांच्या पूर्वजांचं गाव, त्या ज्ञानेश्वरांनी अभंगांत नाममुद्राच घातली ती ‘बाप रखुमादेवीवरू’ अशी. विठ्ठलाला ज्या शब्दानं हाक मारली, तो शब्द हलका कसा असेल?

त्याच ‘बाप’चं गावाकडचं रूप ‘बा’. ‘बा रानातून आला का?’ असं पोर विचारतं, तेव्हा क्रियापद एकवचनी असतं. त्याच पोराच्या शेजारच्या घरात ‘अप्पा आले का?’ असं विचारतात. माय मात्र दोन्ही घरांत ‘आली’च. ‘बा’ आईच्या ओळीत बसतो, अप्पांना थोडं लांब, वर बसवलेलं असतं. मला ‘बा’ जास्त जवळचा वाटतो, हे मी लपवत नाही.

‘अप्पा’ आपल्याकडे कन्नडच्या शेजारातून रुळला. तो मूळ द्राविडी शब्द. उदगीर, निलंगा, देगलूर या पट्ट्यात कन्नड, तेलुगू आणि मराठी एकाच बाजारात बोलल्या जातात. लिंगायत घरांत तर मन्मथप्पा, सिद्रामप्पा अशी नावंच असतात. ‘अण्णा’ही त्याच वाटेनं आला, कन्नडमध्ये तो थोरला भाऊ, आपल्याकडे कितीतरी घरांत बाप. 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळं ‘अब्बा’ ही हाकही आपल्या गल्ल्यांना परकी नाही. तिचं मूळ अरबीत. ‘बाबा’ तर फारसी आणि तुर्कीतही बापच. पण आवाज सारखा दिसला म्हणून लगेच उसनवारी ठरवू नका. ओठ मिटून निघणारे प-ब-म बाळाला लवकर जमतात, म्हणून दूरदूरच्या भाषांत असे शब्द आपापले तयार होतात, हे भाषाशास्त्रज्ञ रोमन याकोबसन यांनी मांडलं आहे.

खरी गंमत ‘दादा’, ‘भाऊ’, ‘नाना’ यांत आहे. बापाला दादा का म्हणायचं? एकत्र कुटुंबात धाकटे चुलते त्याला दादा म्हणत, पोरांच्या कानावर तेच पडे. शिवाय थोरल्यांसमोर स्वतःच्या पोराला मांडीवर घेणं बापाला अवघड जाई. पोर चुलत्याच्या खांद्यावर वाढे. बापाची माया खिशातल्या गुळाच्या खड्यातून, बाजारच्या पिशवीतल्या रेवड्यांतून कळे. म्हणून ‘दादा’ या हाकेत मला वाड्याचा सगळा सोपा ऐकू येतो.

आता वाडे मोडले, चुलते पुण्याला गेले, पोरं ‘पप्पा’ म्हणतात. म्हणू द्या. फक्त आज घरी गेल्यावर आजीला विचारा, ती तिच्या बापाला काय म्हणायची, आणि गावाच्या नावासकट वहीत उतरवून ठेवा. पुढच्या वेळी ती वही घेऊन या, मला ती वाचायची आहे.