नंदुरबारचा मतदार: १९६२ ते २०२४

नमस्कार श्रोतेहो.

महाराष्ट्रातल्या लोकसभा मतदारसंघांची यादी सुरू होते ती सातपुड्यातल्या आदिवासीबहुल नंदुरबारपासून. विधानसभेच्या यादीत पहिलं नाव अक्कलकुव्याचं, आणि त्या अक्कलकुव्यातलं पहिलं मतदान केंद्र मणिबेलीचं. नर्मदाकाठचं हे गाव सरदार सरोवराच्या बुडितात गेलं. उरल्यासुरल्या पाड्यांवर मतदानाचं सामान पोहोचवायचं तर आजही बोट करावी लागते. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यातली ३३ गावं या बुडितात आली. एवढं सोसलेल्या माणसांनी मतदानाकडे पाठ फिरवली असती तरी कुणी बोल लावला नसता. पण २०२४ साली राज्यात सरासरी ६१ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, तेव्हा नंदुरबारनं ७० टक्क्यांचा टप्पा ओलांडला.

तरीही या मतदाराविषयी एक वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं: "तिकडे काय, चिन्ह बघायचं आणि शिक्का मारायचा." हे वाक्य मला कधीच पटलं नाही. का पटलं नाही, ते आज सांगतो.

१९६२ पासून २००९ पर्यंत इथून काँग्रेसच निवडून आली, हे खरं. पण चिन्ह एकच होतं का? १९६७ ला तुकाराम गावित निवडून आले तेव्हा बैलजोडी होती. १९७१ ला तेच पुन्हा आले, तेव्हा गाय-वासरू. १९८० ला सुरूपसिंग नाईक पंजावर आले. दोनदा पक्ष फुटला, दोनदा चिन्ह बदललं, आणि सातपुड्यातल्या माणसानं दर वेळी आपला उमेदवार बरोबर शोधून काढला.

१९७७ चं उदाहरण घ्या. आणीबाणीनंतरची निवडणूक. रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधी पडल्या, पण नंदुरबारातून सुरूपसिंग नाईक लोकसभेत गेले. लोक म्हणतात, अडाणी होते म्हणून. मला कारण जमिनीत दिसतं. १९७१ साली शहादा तालुक्यात पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला. त्यानंतर अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी सालदारांना, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांना, आणि भूमिहीनांना उभं केलं. हातातून गेलेल्या जमिनी परत मागायला लावल्या. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा पुढे अमलात आला, वेठबिगारी बेकायदा ठरली. लढा संघटनेनं दिला, कायदा सरकारनं केला. सातबाऱ्यावर परत नाव लागण्याची आशा ज्याला दिसली, त्यानं त्या सरकारच्या पक्षाला मत दिलं, यात अडाणीपणा कुठे आला?

१९८१ ला सुरूपसिंग राज्याच्या राजकारणात परतले आणि पोटनिवडणुकीत माणिकराव गावित आले. दोघंही नवापूर तालुक्यातले. माणिकराव नंदुरबारमधून सलग ९ वेळा निवडून आले. ते दिल्लीत गृह राज्यमंत्री झाले, २००९ ला लोकसभेचे हंगामी अध्यक्षही झाले. एवढा मान मिळालेला खासदार खान्देशात विरळाच.

आता आकड्यांकडे या, कारण खरी गोष्ट तिथे आहे. २००९ ला माणिकराव सुमारे ४० हजार मतांनी जिंकले. त्यांना पावणेतीन लाख मतं पडली. पण समाजवादी पक्षाचे शरद गावित आणि भाजपचे सुहास नटावदकर या दोघांची मतं मिळून सव्वाचार लाखांच्या वर गेली होती. म्हणजे विरोधातली मतं आधीच जास्त होती, फक्त ती विभागलेली होती. २०१० च्या सप्टेंबरमध्ये पंतप्रधान आणि सोनिया गांधी टेंभलीला आले, देशातलं पहिलं आधार कार्ड तिथे दिलं गेलं. त्या थाटामाटात हा हिशेब फारसा कुणी मांडला नाही.

२०१४ ला राज्यात मंत्री राहिलेल्या डॉ. विजयकुमार गावितांची कन्या, २६ वर्षांच्या डॉ. हीना गावित, भाजपकडून उभ्या राहिल्या आणि लाखाच्या वर मतांनी जिंकल्या. सगळीकडे बातमी झाली की गड कोसळला. पण माणिकरावांची मतं घटली नव्हती! पावणेतीन लाखांवरून ती पावणेपाच लाखांच्या आसपास गेली होती. मतदान वाढलं होतं आणि विरोधातली मतं एकवटली होती. मला ही २०१४ ची आकडेवारी या मतदारसंघाच्या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते.

२०१९ ला डॉ. हीना गावितांनी काँग्रेसच्या के. सी. पाडवींना हरवलं. आणि २०२४?

सातपुड्यात निवडणुकीचं वातावरण खऱ्या अर्थानं तयार होतं ते होळीला. ऊसतोडीला, मजुरीला गुजरातेत गेलेली कुटुंबं होळीला घरी येतात. भोंगऱ्याच्या, म्हणजे होळीआधीच्या, बाजारात ढोल वाजत असतो, खरेदी चाललेली असते, आणि बोलणीही तिथेच होतात: कुठल्या पाड्यावर रस्ता झाला, कुठे दवाखान्यात डॉक्टर नाही, कुणाचा वनपट्टा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क, अडकला. त्या वर्षी त्यात आणखी एक विषय होता, आरक्षणाचा आणि आदिवासी म्हणून असलेल्या ओळखीचा. मार्चमध्ये राहुल गांधींची यात्रा नंदुरबारातूनच महाराष्ट्रात शिरली. मे महिन्यात पंतप्रधान मोदींची सभा झाली आणि दुसऱ्या दिवशी प्रियांका गांधींची. १३ मे ला मतदान झालं. के. सी. पाडवींचे चिरंजीव, काँग्रेसकडून पहिल्यांदाच लोकसभा लढवणारे ॲड. गोवाल पाडवी, डॉ. हीना गावितांना हरवून १ लाख ५९ हजारांनी निवडून आले.

मग पुन्हा तेच ऐकू आलं: नंदुरबार काँग्रेसकडे परतलं. थांबा. सहाच महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये, विधानसभा झाली. या लोकसभेत सहा जागा येतात: अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर, साक्री आणि शिरपूर. त्यातल्या पाच महायुतीनं घेतल्या. अक्कलकुव्यात नव्या खासदारांचे वडील के. सी. पाडवी तीन हजारांच्या आत पडले. अपक्ष उभ्या राहिलेल्या हीना गावितही पडल्या. निवडून आले शिवसेनेचे आमश्या पाडवी. काँग्रेसकडे उरलं ते नवापूर, तेही १,१२१ मतांनी. तिथले शिरीषकुमार नाईक हे सुरूपसिंगांचे चिरंजीव.

तेच पाडे, तीच केंद्रं. मे मध्ये दिल्लीसाठी एक कौल, नोव्हेंबरमध्ये मुंबईसाठी दुसरा. दिल्लीत आरक्षणाचा आवाज कोण उठवेल आणि गावात काम कोण करून देईल, हे दोन प्रश्न या माणसांनी वेगवेगळे सोडवले, असं मी मानतो.

श्रोतेहो, प्रत्येक केंद्रावर कुणाला किती मतं पडली, याचा तक्ता निवडणूक आयोग प्रसिद्ध करतो. त्याला फॉर्म २० म्हणतात. पुढच्या वेळी नंदुरबारवर कुणी एका वाक्यात निकाल दिला, तर आपल्या गावचं केंद्र त्या तक्त्यात काढा, मे आणि नोव्हेंबरचे आकडे शेजारी ठेवा, आणि मग त्याच्याशी बोला.

नमस्कार.