रिपोर्टमध्ये चुका शून्य

[पडद्यावर: टेबल, लॅपटॉप. एक हात माऊसची वायर काढतो आणि माऊस ड्रॉवरमध्ये टाकतो.]

माझं काम ॲक्सेसिबिलिटी टेस्टिंग, म्हणजे ज्याला दिसत नाही किंवा माऊस धरता येत नाही त्याला पण साइट वापरता येते का ते तपासायचं. त्याची सुरुवात अशी होते. माऊस ड्रॉवरमध्ये, टचपॅडवर पुठ्ठ्याचा एक तुकडा. पुठ्ठा का, तर सवयीनं बोट तिथं जातंच, आणि एकदा गेलं की नकळत कर्सर फिरतो, फोकस, म्हणजे कीबोर्ड आत्ता पानावर जिथं आहे ती जागा, भलतीकडे जातो आणि सगळं परत पहिल्यापासून.

आज समोर आहे एक साधा फॉर्म. डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायची. नाव टाका, फोन नंबर टाका, तारीख निवडा, सबमिट. माऊसवाल्याचं काम मिनिटाच्या आत होतं, मी स्वतः करून बघितलंय. सोबत एक हेल्प पेज आणि एक पीडीएफ मॅन्युअल आहे, ते पण तपासायचंय, पण त्याच्याकडे नंतर येऊ.

डेव्हलपरनं फॉर्मसोबत रिपोर्ट पण पाठवलाय. ॲक्सेसिबिलिटीच्या चुका शोधणारं ऑटोमॅटिक टूल चालवलं, चुका शून्य, खाली हिरवी टिकमार्क.

[पडद्यावर: रिपोर्ट. मोठ्या अक्षरात शून्य.]

आता टूलवर माझा काही राग नाहीये हां, मी रोज वापरते, वापरायलाच पाहिजे. पण ते काय बघतं ते समजून घ्या. चित्राला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्र न दिसणाऱ्यासाठी लिहिलेलं वर्णन, आहे का, एवढं बघतं. त्या ऑल्टमध्ये 'आयएमजी ००४७' लिहिलेलं असलं तरी टूल खूष, कारण काहीतरी लिहिलंय ना. ते बरोबर आहे की कचरा आहे हे माणसालाच कळणार. २०१७ मध्ये ब्रिटन सरकारच्या डिजिटल टीमनं एक पान मुद्दाम जितकं वाईट करता येईल तितकं वाईट बनवलं, त्यात १४० च्या वर अडथळे घातले आणि मग वेगवेगळी टूल्स त्यावर सोडली. जवळपास ३० टक्के अडथळे एकाही टूलला सापडले नाहीत. एकालाही नाही. आणि २०१९ मध्ये एका डेव्हलपरनं याच्या पुढची कमाल केली, एक साइट बनवली जी कीबोर्डनं चालत नाही, स्क्रीन रीडरनं, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरनं, चालत नाही, माऊसनं पण नीट चालत नाही, आणि लाइटहाउस या गूगलच्या टूलमध्ये तिला ॲक्सेसिबिलिटीचे १०० पैकी १०० मार्क.

म्हणून पुठ्ठा.

[पडद्यावर: कीबोर्डचा क्लोजअप. टॅब की दाबली जाते. टक. टक. टक.]

टॅब दाबायचा, पुढं सरकायचं. शिफ्ट टॅब, मागं. एंटर, स्पेस, बाणाच्या कीज, एस्केप. एवढंच हत्यार. ज्यांचा हात थरथरतो, ज्यांना माऊस पकडता येत नाही, जे तोंडात काडी धरून टाइप करतात, जे एका स्विचवर अख्खा कॉम्प्युटर चालवतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा रस्ता शेवटी इथूनच जातो.

पहिला टॅब. काही दिसलं नाही. दुसरा टॅब, तरी काही नाही. फोकस कुठंतरी आहे पण दिसत नाहीये, कारण फोकसभोवती येणारी निळी चौकट डिझायनरला कुरूप वाटली आणि त्यानं सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, एक ओळ टाकून ती उडवली. आउटलाइन, नन. माझ्या अनुभवात ही एक ओळ जितकं नुकसान करते तितकं दुसरी कुठली करत नसेल, आणि दुरुस्तीला पाच मिनिटं लागतात, त्याच्यावर वाद मात्र दोन मीटिंग चालतो.

बरं, अंदाजानं पुढं गेले. नाव टाकलं, फोन टाकला. परत टॅब, आणि फोकस थेट सबमिटवर. मधली तारीख गेली कुठं? तारीख आहे, स्क्रीनवर मस्त कॅलेंडर आहे, गोल गोल आकडे, आजची तारीख ठळक, पण कीबोर्डला ती दिसतच नाही. कोडमध्ये बघितलं तर प्रत्येक आकडा म्हणजे एक डिव्ह आणि त्याच्यावर क्लिकचा कोड चिकटवलेला. डिव्ह म्हणजे नुसता डबा. ब्राउझरला बटन म्हणून सांगितलं असतं तर टॅबनं पोहोचणं, एंटर, स्पेस, सगळं फुकटात मिळालं असतं. डब्याला यातलं काहीच मिळत नाही.

म्हणजे ज्याला माऊस नाही त्याला अपॉइंटमेंट नाही, आणि टूल म्हणतंय चुका शून्य.

[पडद्यावर: डेव्हलपरची खुर्ची, मागून. स्क्रीनवर कोड.]

डेव्हलपरनं तासाभरात दुरुस्ती पाठवली. चांगला मुलगा आहे, लगेच ऐकतो. त्यानं केलं काय, तर डिव्हला टॅबनं पोहोचता येईल असं केलं आणि त्याला रोल दिला, म्हणजे हे काय आहे ते स्क्रीन रीडरला सांगणारी पाटी लावली, बटन. आता स्क्रीन रीडर तिथं पोहोचला की म्हणतो "पंधरा, बटन". तुम्ही एंटर दाबता. काही होत नाही. स्पेस दाबता. काही होत नाही. आधी निदान तिथं काही आहे हे माहीतच नव्हतं, आता माहीत आहे आणि उघडत नाही, हे जास्त वाईट की कमी वाईट तुम्हीच ठरवा. डब्ल्यूथ्रीसी, म्हणजे वेबची स्टँडर्ड ठरवणारी संस्था, तिच्या एरियाच्या, म्हणजे या रोलांच्या, गाइडमध्ये स्पष्ट लिहिलंय की रोल हे एक वचन आहे, बटन म्हणालात तर बटनासारखं वागायची जबाबदारी तुमची. वचन दिलं, कोड लिहायचा राहिला.

तिसऱ्या वेळी त्यानं खरंखुरं बटन टाकलं. चाललं.

[पडद्यावर: फॉर्मवरची फिकी राखाडी अक्षरं, कॅमेरा जवळ जातो.]

रंगाचं पटकन सांगते. पांढऱ्यावर राखाडी अक्षरं, आजकाल सगळीकडे हीच फॅशन. नियम असा की साध्या अक्षरांना कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ पाहिजे, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. आता हे साडेचार आलं कुठून? कुणी हवेतून नाही काढलं. साध्या नजरेला ३ ला १ पुरतो असं जुनं स्टँडर्ड होतं, आणि नजर २०/४० पर्यंत उतरली, म्हणजे साधारण ऐंशीच्या आसपासच्या माणसाची असते तशी, की कॉन्ट्रास्ट दीडपट लागतो. तीन दिढे साडेचार. म्हणजे हा आकडा कुणा दुसऱ्या जमातीसाठी नाहीये, म्हातारपणाचा आहे, सगळ्यांच्या वाट्याचा. आणि काठावरची गंमत बघा, पांढऱ्यावर ७६७६७६ या कोडचा राखाडी पास होतो, ४.५४, आणि ७७७७७७ नापास, ४.४८. डोळ्याला दोन्ही सेम. इथं टूल लागतंच, इथं माणूस हरतो.

झूमचं काम त्याहून सोपं. १२८० पिक्सेल रुंद विंडो घ्यायची, ४०० टक्के झूम करायचा, म्हणजे पानाला रुंदी उरते ३२०. आता आडवं स्क्रोल न करता वाचता आलं पाहिजे. आमच्या फॉर्मवर कुकीजची पट्टी अर्धी स्क्रीन खाऊन बसली आणि सबमिट बटन तिच्या मागं दडलं. टिकेट टाकलं, म्हणजे दुरुस्तीसाठी चूक नोंदवली, पुढं गेले.

[ध्वनी: अतिशय वेगात बोलणारा कृत्रिम आवाज. पाच सेकंद.]

काही कळलं? मला पण नाही कळत, इतकी वर्षं काम करून. आमच्या टीममध्ये एक जण आहे, जन्मापासून दिसत नाही, त्याचा स्क्रीन रीडर, एनव्हीडीए, या स्पीडला चालतो. आपण पानावर वरून खाली नजर टाकतो ना, तशी तो कानानं टाकतो. एच दाबला की पुढचं हेडिंग, के दाबला की पुढची लिंक. एनव्हीडीए फुकट आहे, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात एका अंध तरुणानं सुरू केलं आणि मग त्याचा अंध मित्र सोबत आला, कारण त्या काळी विंडोजवरचे चांगले स्क्रीन रीडर पैसे टाकून घ्यावे लागायचे आणि तेही भरपूर.

मी स्वतः स्क्रीन रीडर वापरून टेस्ट करते, पण माझं करणं आणि त्याचं करणं यात फरक आहे. मी डोळे मिटले तरी पान कसं दिसतं ते मला आठवत असतं. त्याला आठवायला काही नाही, पान जे सांगेल तेच.

पानानं त्याला काय सांगितलं? "एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक." दोन रकाने, नाव कुठलं आणि फोन कुठला पत्ता नाही, कारण लेबल म्हणून जे दिसतंय ते नुसतं वर लिहिलेलं आहे, रकान्याशी जोडलेलंच नाही. मी म्हणलं, अरे पण हे तर टूलनं पकडायला पाहिजे होतं, साधी गोष्ट आहे. शोधलं तेव्हा कळलं की टूल चालवलं होतं होम पेजवर. फॉर्म एक क्लिक पुढं होता. शून्य चुका होत्या, फक्त दुसऱ्याच पानाच्या.

[पडद्यावर: हेल्प पेज. एक स्क्रीनशॉट, त्यावर लाल बाण.]

आता डॉक्युमेंटेशन. बहुतेक ऑडिट इथं पोहोचतच नाहीत, वेळ संपतो, किंवा कुणाला वाटतं की फॉर्म चालला म्हणजे झालं. पण माणूस अडकल्यावर जातो कुठं? हेल्पवर. तिथंच दार बंद असेल तर काय उपयोग. आणि हे काही माझं मत नाहीये, अमेरिकेच्या सेक्शन ५०८ या कायद्याच्या नियमांत आणि युरोपच्या ईएन ३०१ ५४९ या स्टँडर्डमध्ये सपोर्ट डॉक्युमेंटेशनसाठी वेगळा भागच आहे. मॅन्युअल स्वतः ॲक्सेसिबल पाहिजे, आणि प्रॉडक्टमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या काय सोयी आहेत, त्या कशा वापरायच्या, हे त्यात लिहिलेलं पाहिजे.

आमच्या हेल्प पेजवरचं हे वाक्य ऐका. "खालील चित्रात दाखवल्याप्रमाणे उजवीकडील हिरव्या बटणावर क्लिक करा."

एका वाक्यात किती आंधळेपणा भरलाय बघा. चित्र, त्याला ऑल्ट नाही. उजवीकडे, म्हणजे कुणाच्या उजवीकडे, झूम केलेल्या स्क्रीनवर किंवा मोबाइलवर ते बटन खाली गेलेलं असतं. हिरवं, ज्याला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही त्यानं काय करायचं. क्लिक, बरं. आणि बटनाचं नाव काय आहे ते मात्र कुठंच लिहिलेलं नाही! फोनवरून कुणाला समजावताना आपण असं बोलतो का? नाही ना, आपण म्हणतो 'वेळ पक्की करा' असं बटन आहे ते दाब. तेवढंच लिहायचं होतं. चित्र राहू दे खुशाल, पण चित्र काढून टाकलं तरी वाक्य उभं राहिलं पाहिजे, मी हीच टेस्ट लावते, सगळे स्क्रीनशॉट बंद करायचे आणि सूचना वाचत काम करून बघायचं.

आमच्या त्या न दिसणाऱ्या सहकाऱ्यानं एनव्हीडीएमध्ये लिंकांची यादी उघडली. इथे क्लिक करा. इथे क्लिक करा. इथे क्लिक करा. अकरा वेळा. त्यानं फक्त भुवया उंचावल्या.

[पडद्यावर: पीडीएफ उघडलं जातं.]

मग पीडीएफ. चौतीस पानं. त्यानं एच दाबला, पुढचं हेडिंग नाही. दिसायला हेडिंगं आहेत, चांगली जाड, निळी, पण ती नुसती जाड केलेली अक्षरं, स्टाइल लावलेली नाही. आणि लावली असती तरी उपयोग नव्हता, कारण फाइल प्रिंट करून पीडीएफ केलेली. प्रिंटच्या रस्त्यानं गेलं की बहुतेक वेळा टॅग गळून पडतात, हेडिंग, टेबल, यादी हे सांगणारी आतली रचनाच जाते. एक्सपोर्ट किंवा सेव्ह ॲजनं केलं असतं तर निदान काही उरलं असतं. पीडीएफचं स्वतंत्र स्टँडर्ड आहे, पीडीएफ यूए, पहिल्यांदा २०१२ मध्ये आलेलं, आणि ते तपासायची मॅटरहॉर्न नावाची यादी आहे, ३१ मुद्दे, त्यात १३६ प्रकारे नापास होता येतं. आमची फाइल बहुधा बऱ्याच प्रकारे झाली असती, मोजत बसले नाही.

मराठीवाल्यांसाठी एक जास्तीचं. दोन पानं जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये होती. डोळ्याला शुद्ध मराठी, पण आत साठवलेली अक्षरं रोमन चिन्हं, फॉन्टनं फक्त मराठीचा मुखवटा चढवलेला. स्क्रीन रीडरला मुखवटा दिसत नाही, तो आतलं वाचतो, आणि जे ऐकू येतं त्याला कुठलीच भाषा म्हणता येणार नाही. हेल्प पेजवर युनिकोड होतं, म्हणजे आत खरी मराठी अक्षरं, तर तिथं पानाची भाषा इंग्रजी लिहून ठेवलेली, टेम्पलेटमधून तशीच आलेली. मराठीसाठी एमआर ही दोन अक्षरं टाकायची होती, बस.

[पडद्यावर: एक लांबलचक तक्ता, सरकत जाणारा.]

हे सगळे मुद्दे ज्या नियमांवरून काढले ते डब्ल्यूसीएजी, आम्ही विकॅग म्हणतो. पहिली आवृत्ती १९९९, मग २००८ मध्ये २.०, २०१८ मध्ये २.१, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये २.२, त्यात ८६ निकष, तीन पातळ्या. कायदे आणि टेंडर बहुतेक मधली पातळी मागतात, डबल ए. युरोपचा ॲक्सेसिबिलिटी कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला, त्यानंतर अचानक सगळ्यांना आमची आठवण यायला लागली.

आणि टेस्टिंग झाल्यावर एक कागद भरतात, व्हीपॅट. प्रत्येक निकषासमोर लिहायचं, सपोर्ट करतो, थोडा करतो, करत नाही, लागू नाही. बहुतेक वेळा कंपनी स्वतःच स्वतःबद्दल भरते. ज्या व्हीपॅटमध्ये वरपासून खालपर्यंत 'सपोर्ट करतो' लिहिलंय त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. 'थोडा करतो, कॅलेंडर कीबोर्डनं चालत नाही, पुढच्या रिलीजमध्ये दुरुस्त करतोय' असं लिहिणाऱ्यानं निदान बसून बघितलेलं असतं.

[पडद्यावर: तोच फॉर्म, तीन आठवड्यांनंतर.]

रीटेस्ट. फोकसची चौकट आली, लेबलं जोडली, कॅलेंडर चालतंय, हेल्पमध्ये बटनांची नावं आली. टूल यावेळी बरोबर पानावर चालवलं, चुका शून्य. तोच सहकारी बसला, हेडफोन लावले. नाव, फोन. तारीख, बाणाच्या कीजनं पंधरावर गेला, एंटर. टॅब, सबमिट, एंटर.

स्क्रीनवर हिरव्या अक्षरात आलं, तुमची वेळ पक्की झाली.

तो थांबला. हात कीबोर्डवर तसेच. मी काही बोलले नाही, टेस्ट चालू असताना बोलायचं नसतं.

[ध्वनी: शांतता. चार सेकंद.]

मग त्यानं एक कान मोकळा केला आणि विचारलं, "झालं का गं?"

मी टिकेट उघडलं. निकष ४.१.३, स्टेटस मेसेज.