विचारूचा कोणाक?

(दृश्य: पावसाळी धुकं, दरीवरच्या पुलावरून जाणारी गाडी)

रत्नागिरीच्या दक्षिणेला पानवळचा पूल, ६४ मीटर उंच. उत्तरेला करबुडेचा बोगदा, साडेसहा किलोमीटरचा. सरकारी खात्याच्या नेहमीच्या चालीनं कोकण रेल्वेचं काम झालं असतं, तर आपण अजून बोटीच्या प्रवासाच्याच गोष्टी सांगत बसलो असतो.

१९९० साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, मधू दंडवते अर्थमंत्री. रेल्वे खात्याऐवजी एक कंपनीच उभी केली गेली, कोकण रेल्वे महामंडळ: केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, केरळ आणि गोव्याचा सहा-सहा. रेल्वेतले अभियंते ई. श्रीधरन यांच्या हाती कारभार. पैसा रोखे काढून बाजारातून उचलायचा आणि निर्णय जागच्या जागी घ्यायचे. २६ जानेवारी १९९८ला रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग सुरू झाला.

कर्ज फेडायचं होतं. म्हणून तिकिटासाठी अंतर ४० टक्के वाढवून धरलं गेलं. कणकवलीची आजी न केलेल्या प्रवासाचेही पैसे मोजत होती!

(दृश्य: गणपतीची गर्दी, भरलेला फलाट)

चाकरमान्यांचा प्रश्न दरवर्षी तोच: दुसरा रूळ कधी? २०२१मध्ये रोहा ते वीर एवढाच पट्टा दुहेरी झाला. पुढचं विचारायला जावं, तर आमदार म्हणणार विषय केंद्राचा, रेल्वे म्हणणार महामंडळाचा, महामंडळ म्हणणार निधीचा. शुद्ध टोलवाटोलवी. खात्याचा मंत्री सभागृहात उत्तराला बांधलेला असतो. कंपनीचा कारभारी भागधारकांना. कोकणातल्या माणसाकडे मत आहे, शेअर नाही.

कायद्यानं मात्र कंपनीची पाठ सोडलेली नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८१च्या अजय हासिया खटल्यात सांगितलं, की संस्थेचं रूप कुठलंही असो, आत सरकारच असेल तर मूलभूत हक्कांचं बंधन सुटत नाही. म्हणून उच्च न्यायालयात रिट, म्हणजे हक्कांसाठीची याचिका, करता येते. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज चालतो. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगची तपासणी होते, वार्षिक अहवाल संसदेत आणि भागीदार राज्यांच्या विधिमंडळांतही मांडावा लागतो. पण रिटला वकील लागतो, आणि अहवाल सांगतो सरलेल्या वर्षाचं. फलाटावर उभ्या माणसाला आजचं उत्तर हवं असतं.

२००३च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली, पन्नासच्या वर माणसं गेली. अशा अपघातांची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली असतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण ज्याच्या कामाची झडती घ्यायची त्याच्याच हाताखाली झडती घेणारा नको, एवढी साधी गोष्ट त्यात आहे.

२०२५मध्ये महाराष्ट्रानं महामंडळाच्या भारतीय रेल्वेतल्या विलीनीकरणाला संमती दिली. अट घातली, 'कोकण रेल्वे' हे नाव राहू दे.

(दृश्य: कुडाळ, क्रॉसिंगला थांबलेली गाडी)

खिडकीतून एकजण विचारतो, "किती वेळ हो?"

"समोरची येऊ दे, मग सोडतील."