गाडी चालू आहे, पण तुमच्या जिल्ह्यातून नाही

दिवाणखवटी. खेड तालुक्यातलं छोटंसं स्टेशन. १४ जुलै २०२४, रविवार संध्याकाळ, पाऊस नुसता कोसळतोय आणि इथून जवळच दरड थेट रुळावर आली.

माती उपसणारे जेसीबी आपण बातम्यांत बघतो. पण खरी डोकेफोड चालते कंट्रोलमध्ये, म्हणजे कुठली गाडी कुठे थांबवायची, कधी सोडायची हे जिथून ठरतं तिथे. कोकण रेल्वे म्हणजे रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटर, त्यात डबल लाइन फक्त रोह्यापासून वीर स्टेशनपर्यंत, पुढे सगळी सिंगल. समोरून गाडी आली की एकीने स्टेशनातल्या लूपवर, म्हणजे बाजूच्या जादा रुळावर, बाजूला व्हायचं, दुसरी गेली की निघायचं, ह्यालाच क्रॉसिंग म्हणतात. मधेच लाइन बंद झाली की गाड्या मिळेल त्या स्टेशनात बसतात, लूप भरत जातात, आणि ते भरले की मागून येणारीला घ्यायलाच जागा नाही.

आता लाइन कधी खुली होणार? साइटवरचा माणूस अंदाज सांगतो, पण वरून माती येतच राहिली तर त्या अंदाजाला काय अर्थ! दिवाणखवटीला साधारण चोवीस तास गेले. आणि पनवेलला येणाऱ्या गाडीचं काय करायचं ते मात्र आत्ताच ठरवायचंय. वळवली तर कर्जत, लोणावळा, पुणे, मिरज, लोंढा करत मडगाव. एकदा घाट चढली की इकडे दोन तासांत लाइन खुली झाली तरी ती माघारी येत नाही. थांबवून ठेवली आणि लाइन खुलीच झाली नाही तर डब्यात पोरंबाळं, म्हातारी माणसं, नळाचं पाणी संपलेलं. बरं तो दुसरा रस्ता तरी कुठे मोकळा बसलाय, तिथल्या स्वतःच्या गाड्या आहेतच, लोणावळ्याच्या आणि लोंढ्यापुढच्या, दोन्ही घाटांत जास्तीची इंजिनं लागतात, आणि तो मार्ग ओळखणारा लोको पायलट पण हवा.

डायव्हर्ट केली की गोवेवाला, केरळवाला पोचतो, उशिरा का होईना. चिपळूणवाला, कणकवलीवाला? त्याची गाडी रद्द नाही हो, चालू आहे, फक्त त्याच्या जिल्ह्यातून जात नाही. मला विचाराल तर हा हिशोब दरवेळी चाकरमान्याच्याच अंगावर येतो. त्या वेळीही अडकलेल्या लोकांना शेवटी एसटीनेच पुढे नेलं.

पावसाळी वेळापत्रकात गाड्या आधीच हळू धरलेल्या असतात, जोराच्या पावसात समोरचं नीट दिसेना तर ताशी ४० च्या वर जायचं नाही असा नियम. त्याने अर्धा-पाऊण तास सांभाळला जातो, अख्खा दिवस नाही.

आणि लाइन खुली झाली म्हणजे संपलं का? गोव्याहून सकाळी मुंबईत येणाऱ्या कोकणकन्या एक्सप्रेसचाच रेक, म्हणजे तेच डबे, मांडवी एक्सप्रेस म्हणून परत गोव्याकडे सुटतो. ती अडकली की सीएसएमटीवर बॅगा घेऊन उभा असलेला माणूस विचारतो, अहो लाइन तर कालच चालू झाली ना? झाली. पण त्याची गाडी अजून इकडे यायचीय.